शेजारधर्म, चोरी आणि बिनतारी इंटरनेट

मुंबई-गोवा महामार्गाने खेड सोडून चिपळूणकडे निघाले की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे लागते. रसायनांच्या कारखान्यांमुळे हे नाव राज्यभर माहीत झाले आहे. गेल्या काही दशकांत येथील औद्योगिक वसाहतीने आसपासच्या वाड्यांना रोजगार दिला, तसा एक नवा शेजारही दिला. खेड-चिपळूण तालुक्यांतल्या गावांतून आलेला तरुण, घाटावरून बदलून आलेला कारकून आणि ठेकेदाराबरोबर परप्रांतातून आलेला मजूर भाड्याच्या खोल्यांतून भिंतीला भिंत लावून राहू लागले. अशा वस्तीत इंटरनेटची जोडणी एखाद्याच घरी असते आणि तिच्या बिनतारी लहरी मात्र चार घरांत पोचतात. जोडणीच्या मालकाने तिला कुलूप लावलेले नसले, किंवा कुलपाची किल्ली म्हणून स्वतःचा दूरध्वनी क्रमांकच ठेवला असला, तर पलीकडच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला त्या जोडणीवर स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकणे अवघड नसते. मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे काही लोटेचेच वैशिष्ट्य नव्हे. पुण्यातल्या वसतिगृहांपासून ठाण्यातल्या गृहसंस्थांपर्यंत जेथे माणसे दाटीने राहतात तेथे हे घडू शकते. एवढेच की, शहरातल्या माणसाला स्वतःची जोडणी घेण्याचा पर्याय बहुधा असतो. आज या ठेकेदाराकडे आणि उद्या त्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या, सहा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या भाडेकरूला तो सहज मिळत नाही. म्हणूनच शेजाऱ्याचे इंटरनेट न विचारता वापरणे ही चोरी मानावी काय, हा प्रश्न अशा ठिकाणी अधिक टोकदारपणे उभा राहतो.

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. शेजाऱ्याचे काही कमी झाले नाही, मग चोरी कसली, असे एक पक्ष म्हणतो. पैसे एकाने भरले आणि उपभोग दुसऱ्याने घेतला, तेव्हा ती चोरीच, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष हिशेब मांडतात तो पैशाचा. वस्तुतः या व्यवहारातली खरी किंमत पैशात नाही. ती कशात आहे हे कळल्यावाचून उपायही नीट सुचणार नाही.

आकडा आणि विहीर

विजेच्या तारेवर आकडा टाकणारा माणूस चोरी करतो याविषयी दुमत नाही. २००३ च्या वीज कायद्याचे १३५ वे कलम त्यासाठीच आहे. आकड्यावरून ओढलेले प्रत्येक युनिट कोठेतरी कोळसा जाळून वा पाणी अडवून निर्माण केलेले असते. ते एकाने वापरले की दुसऱ्याला उरत नाही. इंटरनेटच्या जोडणीचे तसे नाही. घरात जोडणी घेणारा ग्राहक महिन्याला ठरावीक रक्कम भरतो. काही मोठ्या कंपन्यांच्या ‘अमर्याद’ योजनांनाही महिन्याकाठी सुमारे ३३०० जीबींची मर्यादा असते, पण साधे कुटुंब तिच्या जवळपासही पोचत नाही. दुपारी घरात कोणी नसताना शेजारच्या मुलाने तासभर व्याख्यान ऐकले तर मालकाच्या बिलात एक पैशाची भर पडत नाही.

तथापि हीच जोडणी रात्री नऊ वाजता चार घरांनी एकदम वापरली तर सर्वांचेच चित्र अडखळू लागते. म्हणजे ही वस्तू हवेसारखी अखंड नाही आणि विजेसारखी मोजूनमापून संपणारीही नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ साली अशा वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. ठरावीक संख्येपर्यंतच्या लोकांनी वाटून वापरली तर सर्वांचा लाभ, त्या संख्येपलीकडे गेले तर सर्वांचीच अडचण, असा हा वर्ग. कोकणातल्या वाचकाला त्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. वाडीतली विहीर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पावसाळ्यात तिच्यावर कोणी किती कळशा भरल्या हे कोणी पाहत नाही. वैशाखात मात्र पाळी लावावी लागते. पाळी लावायची तर विहिरीवर कोण येते हे आधी ठाऊक असावे लागते.

येथे पहिला मुद्दा स्पष्ट होतो. वाटून घेण्याला अर्थशास्त्राचा विरोध नाही. उलट वाटून घेणे हाच अशा वस्तूचा काटकसरीचा उपयोग आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. कुरणे, मासेमारीची क्षेत्रे आणि पाटाचे पाणी यांचा नाश अटळ नसतो; वापरणारे लोक एकमेकांना ओळखत असतील आणि त्यांनी स्वतः नियम केले असतील तर अशी साधने पिढ्यानपिढ्या टिकतात, असे त्यांनी दाखवून दिले. महाराष्ट्रात धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर चालत आलेली फड पद्धत हा त्याचाच दाखला म्हणावा लागेल. तेथे पाणी सर्वांचे, पण पाटकरी सांगेल त्या क्रमाने. रात्री गुपचूप बांध फोडून आपल्या शेतात पाणी वळविणाऱ्याला त्या व्यवस्थेत स्थान नाही. पाणी तेवढेच असले तरी त्याच्या कृतीने क्रम मोडतो, आणि क्रम मोडला की विश्वास मोडतो.

पत्ता कोणाचा?

लहरी आमच्या घरात आपण होऊन येतात, मग त्या वापरल्या तर बिघडले कोठे, असाही एक युक्तिवाद केला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. शेजाऱ्याच्या रेडिओवरचे गाणे कानावर आले तर ऐकणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. परंतु आकाशवाणी ऐकणारा श्रोता काही पाठवीत नाही; तो केवळ घेतो. बिनतारी इंटरनेटचा व्यवहार दुहेरी आहे. वापरणाऱ्याचा फोन शेजाऱ्याच्या यंत्राकडे मागणी धाडतो, ते यंत्र ती मागणी आपल्या नावाने बाहेरच्या जगात नेते आणि आलेले उत्तर परत आणून देते. घरातील पाच आणि घराबाहेरील पाच माणसांनी ती जोडणी वापरली तरी बाहेरच्या जगाला सामान्यतः एकच पत्ता दिसतो, आणि कंपनीच्या वहीत त्या पत्त्यापुढे नाव असते ते बिल भरणाऱ्याचे.

म्हणजे न विचारता वापरणारा माणूस शेजाऱ्याची जी वस्तू खऱ्या अर्थाने घेतो ती म्हणजे त्याचे नाव. दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकावे आणि जबाबदारी त्याच्यावर राहावी, तसा हा प्रकार आहे. पत्रातला मजकूर निरुपद्रवी असेल तर काही घडत नाही. मजकूर तसा नसला म्हणजे काय होते हे महाराष्ट्राने २००८ साली पाहिले.

त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना पोचला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईतील एका अमेरिकी नागरिकाच्या घरच्या जोडणीपर्यंत जाऊन पोचला. त्या जोडणीला कुलूप नव्हते. मेल पाठविणाऱ्याने तिचा बाहेरून उपयोग केला होता. निरपराध घरमालकाच्या वाट्याला मात्र चौकशी आली आणि त्याची यंत्रे तपासासाठी नेण्यात आली. पुढच्याच महिन्यात तशाच एका मेलसाठी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाची जोडणी वापरली गेली. सप्टेंबरात दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून गेला. तीन ठिकाणी तीन निरपराध मालक, आणि तिन्ही ठिकाणी पत्ता त्यांचा.

या घटनांनंतर सरकार जागे झाले. २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी उघड्या जोडण्या तपासण्याची मोहीम जाहीर केली आणि दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना बिनतारी जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. कायद्याचीही धार वाढली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणक वा संगणकांच्या जाळ्यात प्रवेश करणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने वा कपटाने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही सुधारणा ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली. दार उघडे ठेवणे म्हणजेच परवानगी देणे काय, याचा खल वकिलांनी करावा. सामान्य माणसाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की, दार उघडे असल्याने घर आपले होत नाही.

परदेशांतील अनुभवही उद्बोधक आहे. लंडनमध्ये २००५ साली शेजारची जोडणी वापरल्याबद्दल एका माणसाला ५०० पौंड दंड झाला. सिंगापूरमध्ये २००७ साली एका किशोरवयीन मुलाला त्याच कारणासाठी १८ महिने देखरेखीखाली राहण्याचा आदेश झाला. जर्मनीने उलट बाजूने प्रारंभ केला. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० साली घरच्या जोडणीला पुरेसे कुलूप न लावणाऱ्या मालकावरच जबाबदारी टाकली. परिणामी सार्वजनिक ठिकाणी जोडणी खुली ठेवण्यास लोक कचरू लागले आणि अखेर २०१७ साली कायदा बदलून ती जबाबदारी सैल करावी लागली. केवळ दंडाने आणि केवळ कुलपाने हा प्रश्न सुटत नाही, हाच त्याचा बोध आहे.

पी. पी. नंबर आणि पीसीओ

आपल्याकडे दुसऱ्याची जोडणी वापरण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यात एक सभ्यता होती. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे त्या काळात चाळीत वा आळीत एखाद्याच घरी फोन असे. नोकरीच्या अर्जावर आणि लग्नाच्या टिपणावर त्या घरचा क्रमांक देऊन पुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे लिहिली जात. त्या दोन अक्षरांत केवढा तरी करार सामावलेला असे. क्रमांक देण्यापूर्वी घरमालकाला विचारलेले असे. फोन आला की त्या घरचा मुलगा धावत निरोप देई. बाहेर फोन करायचा तर पैसे डबीत टाकले जात. रात्री उशिरा फोन करू नये हे कोणाला सांगावे लागत नसे. दूरदर्शनचा संचही असाच वाटून पाहिला गेला. रविवारी सकाळी रामायण पाहायला शेजारी जाणारी मुले दारात चपला काढून, विचारून आत जात.

पुढे १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा यांच्या प्रयत्नांनी दूरध्वनीचा प्रसार वेगाने झाला आणि गावोगावी एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी लागली. शेजाऱ्याची भीड मोडण्याची आवश्यकता संपली. दोन-पाच रुपयांत कोणालाही, कोणाच्याही उपकारावाचून, फोन करता येऊ लागला. उपकार मागून घेण्याची आणि दाम मोजून घेण्याची, अशा दोन सन्मान्य वाटा तेव्हा होत्या. आजच्या चोरट्या वापरात या दोहोंपैकी एकही नाही. घेणारा मागत नाही, देणाऱ्याला आपण देतो आहोत हे ठाऊक नसते, आणि म्हणून दोघांमध्ये कोणतेच नाते निर्माण होत नाही. ज्या व्यवहाराने दोन शेजारी जोडले जावयाचे, त्याच व्यवहाराने ते एकमेकांना अनोळखी राहतात.

कुलूप हे अर्धे उत्तर

मग प्रत्येकाने कडेकोट कुलूप लावून स्वस्थ बसावे काय? सुरक्षिततेच्या दृष्टीने कुलूप हवेच. आता नव्या यंत्रांना ते कारखान्यातूनच लावलेले येते. परंतु कुलूप लावल्याने पलीकडच्या खोलीतल्या विद्यार्थ्याची गरज संपत नाही. ही गरज चैनीची उरलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आणि सातबाराचा उतारा या सर्वांचे दार आता इंटरनेटवर आहे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेट मिळणे हे शिक्षणाच्या हक्काचे अंग मानले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटद्वारा होणाऱ्या अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले.

त्यानंतर दोनच महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि या तत्त्वांची कसोटी लागली. कोकणातल्या मुलांनी लहरी शोधत डोंगर चढले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मंडणगड-दापोलीकडची वीज आणि फोन दोन्ही कोलमडले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला, तेव्हाही शहराचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. अशा वेळी ज्याच्याकडे चालू जोडणी असेल त्याने ती शेजाऱ्याला नाकारणे याला सुरक्षितता म्हणता येणार नाही. तो कोतेपणा होय. शासनाने ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याचे काम हाती घेतले हे खरे. परंतु पंचायतीच्या कार्यालयापर्यंत तंतू पोचला म्हणजे भाड्याच्या खोलीपर्यंत जोडणी पोचली असे होत नाही.

लोटे परिसराला तर एक गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कारखान्यांचे सांडपाणी आपल्याला न विचारता दाभोळ खाडीत येते आणि मासळीवर त्याचा परिणाम होतो, अशी खाडीकाठच्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. आपल्या सोयीचा भार दुसऱ्याच्या माथी त्याच्या संमतीवाचून टाकणे, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. दोन्ही गोष्टींच्या परिमाणात अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एका विद्यार्थ्याच्या व्याख्यानाची आणि खाडीच्या प्रदूषणाची तुलना कोणी करणार नाही. परंतु तत्त्व एकच आहे. जो समाज मोठ्यांनी न विचारता टाकलेल्या भाराविरुद्ध बोलतो, त्याने लहानशा व्यवहारातही विचारण्याची रीत सोडू नये.

विचारून, वाटून

यातून निघणारा मार्ग अवघड नाही. पहिले पाऊल शेजाऱ्यांनीच उचलावयाचे आहे. गरज असलेल्याने दार ठोठावून विचारावे. ज्याच्याकडे जोडणी आहे त्याने आपली किल्ली जशीच्या तशी देऊ नये. बहुतेक यंत्रांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा, ओळखीच्या माणसालाच ते द्यावे आणि संकेतशब्द अधूनमधून बदलावा. वापरणाऱ्यानेही रात्रीच्या गर्दीच्या वेळी चित्रपट उतरवून घेऊ नये. त्याने स्वतःच्याही हिताचा विचार करावा. अनोळखी, उघड्या जोडणीच्या पलीकडे कोण बसले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि बँकेचे व्यवहार तो त्याच फोनवरून करीत असतो.

दुसरे पाऊल व्यवस्थेचे आहे. महिन्याला ४०० रुपयांची योजना आणि तीवरील १८ टक्के कर धरून ४७२ रुपये होतात. चार खोल्यांनी वाटले तर प्रत्येकी ११८ रुपये. परंतु घरगुती जोडणीतून विक्री करण्यास कंपन्यांचे करार सामान्यतः मनाई करतात, आणि पैसे वाटून घेतले तरी पत्ता एकाचाच राहतो. या दोन्ही अडचणींवर उतारा म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ ही योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार वा चहावाला परवान्यावाचून आणि शुल्कावाचून ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ चालवू शकतो. पीसीओचीच ही नवी आवृत्ती होय. येथे वापरणारा आपल्या फोन क्रमांकाने स्वतःची ओळख पटवितो आणि त्याची नोंद स्वतंत्र संस्थेकडे राहते. दुकानदाराच्या नावावर परक्याचे ओझे पडत नाही. २००८ च्या अनुभवाने विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले नेटके उत्तर आहे.

पण योजना मंजूर होणे वेगळे आणि दुकानात पाटी लागणे वेगळे. अशा दुकानदारांनी महागड्या, भाड्याच्या वाहिन्या घ्याव्यात असा दूरसंचार कंपन्यांचा आग्रह राहिल्याने ही योजना दीर्घकाळ रखडली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये त्यावर तोडगा काढला. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती योजना या दुकानदारांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा अधिक दराने देता येणार नाहीत, असा तो आदेश आहे. त्याचा लाभ घेण्यास लोटे-परशुरामसारखी जागा सर्वांत योग्य ठरावी. येथे ग्राहक आहेत, महामार्गावर दुकाने आहेत आणि पाळी सुटल्यावर घरच्यांशी बोलू इच्छिणारे शेकडो हात आहेत. ग्रामपंचायतींनी आणि कारखानदारांच्या संघटनेने मनावर घेतले तर कामगारांच्या वस्तीत अशी केंद्रे उभी करणे मुळीच कठीण नाही. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनीही पाण्याच्या नळाप्रमाणे नोंदणीकृत जोडणी ही भाड्यातली एक सोय मानावी.

शिक्षकांवरही येथे एक जबाबदारी येते. संगणकाचा अभ्यासक्रम शिकविताना जोडणी कशी करावी हे सांगितले जाते. ती कोणाची आहे हे विचारावे, असेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. मुलाला चोर ठरवून हा धडा शिकविता येणार नाही. आपण वापरतो तेव्हा दुसऱ्याचे नाव वापरतो, एवढे त्याला उमगले तर तो आपण होऊन विचारील. ज्याला विचारले जाते तो माणूस बहुधा नाही म्हणत नाही, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. पी. पी. नंबर देणाऱ्या पिढीने तो अनुभव घेतला होता. त्या पिढीजवळ साधने थोडी होती आणि विचारण्याची सवय मोठी होती. आता साधने वाढली आहेत. सवय तेवढी पुन्हा लावून घ्यावी लागेल.